अगाथा ख्रिस्तीच्या दीर्घकथा: कुठली आधी, कुठली मागून

बऱ्याच वर्षांपूर्वी फूटपाथवरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मी अगाथा ख्रिस्ती या इंग्रज रहस्यकथालेखिकेची दोन पुस्तकं घेतली. एकाचं नाव 'मर्डर इन द म्यूज', दुसऱ्याचं 'डेड मॅन्स मिरर'. भरपूर घासाघीस केली आणि लढाई जिंकल्यासारखा घरी आलो. पहिलं पुस्तक संपवून दुसरं उघडलं, तर ओळखीचीच गोष्ट. पुढची चाळली, तीही तीच. एकच पुस्तक अमेरिकेत नाव बदलून निघालं होतं, आणि वर त्यात एक गोष्ट कमी होती.

पैसे गेले त्याचं फारसं वाटलं नाही. खरा फटका पुढे बसला. काही महिन्यांनी 'इव्हिल अंडर द सन' ही तिची गाजलेली कादंबरी वाचायला घेतली आणि निम्म्यातच मला गुन्हेगाराचा वास लागला. माझ्या हुशारीनं नव्हे. त्याच जातीचा डाव तिनं आधी एका छोट्या गोष्टीत खेळून पाहिला होता आणि ती गोष्ट माझ्या वाचनात येऊन गेली होती.

ख्रिस्तीच्या कादंबऱ्या कुठल्या क्रमानं वाचाव्यात हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दीर्घकथांच्या वाट्याला कुणी जात नाही. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी ही वाट आखून देतोय. रहस्य कुठलंही फोडणार नाही, पण कोणती गोष्ट कोणत्या कादंबरीच्या पायात येते तेवढं सांगावंच लागेल.

आधी लांबीचा अंदाज घ्या

दिवाळी अंक वाचणाऱ्याला दीर्घकथा म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. तीस-चाळीस पानांपासून सत्तर-ऐंशी पानांपर्यंत, फराळाचं ताट शेजारी घेऊन बसलं तर एका बैठकीत संपणारी. ख्रिस्ती (जन्म 1890, टॉर्की; मृत्यू 1976) या लांबीत सबंध कारकीर्दभर लिहीत राहिली. यातलं बरंचसं आधी मासिकांसाठी लिहिलेलं, नंतर पुस्तकांत गोळा झालेलं. जुनी गोष्ट काढायची, तिला दुप्पट-तिप्पट करायची, नाव बदलून पुन्हा द्यायची, असा तिचा खाक्या होता. आपला सगळा गोंधळ होतो तो यामुळेच.

माझं मत विचाराल तर भीती दाखवायला तिला हीच लांबी सगळ्यात जास्त मानवते. कादंबरीत प्रकरण संपलं की वाचक उठून पाणी पिऊन येतो. इथे तशी फट ठेवलेली नसते.

पहिली पायरी: 'फिलोमेल कॉटेज'

सुरुवात हर्क्यूल प्वारो या तिच्या गाजलेल्या डिटेक्टिव्हपासून करू नका. तो एकदा आला की सगळं मार्गी लागणार अशी खात्री मनात बसते आणि भीती निम्मी होते. सुरुवात करा 1924 साली मासिकात आलेल्या 'फिलोमेल कॉटेज'पासून. लांबीनं ही खरं तर लघुकथाच, पण पुढे ज्याची चव घ्यायची आहे त्याचा पहिला घास म्हणून हिच्यासारखी दुसरी नाही. ब्रिटिश आवृत्तीत ती 'द लिस्टरडेल मिस्टरी' (1934) या संग्रहात मिळते. फिलोमेल म्हणजे नाइटिंगेल पक्षी. नाव गोड आहे, पण त्या नावामागची ग्रीक पुराणातली बाई जीभ कापली गेलेली आहे, हे ख्रिस्तीला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

ॲलिक्स नावाची बाई कित्येक वर्षं शॉर्टहँड टायपिस्ट म्हणून राबलेली. अचानक थोडे पैसे वारशानं मिळतात, एक देखणा माणूस भेटतो, झटपट लग्न होतं, खेड्यात टुमदार घर घेतलं जातं. गोष्ट उघडते तेव्हा ती फाटकाशी उभी राहून गावात निघालेल्या नवऱ्याकडे बघते आहे. मग बागेत माळी दिसतो. हा जॉर्ज सोमवारी आणि शुक्रवारी येणारा, आज बुधवारी कसा उगवला? शुक्रवारी गावात कार्यक्रम आहे, म्हणून आधीच आलो, म्हणतो. शिवाय बाईसाहेब उद्या लंडनला निघालात, तर बागेचं विचारून घ्यावं. ॲलिक्स म्हणते, मी कुठेही चाललेली नाही. जॉर्ज म्हणतो, मालक तर तसंच म्हणाले. बोलता बोलता घराची किंमत निघते. नवऱ्यानं सांगितलेले तीन हजार पौंड. माळ्याच्या तोंडी दोन हजार.

बस, एवढंच. कुणी किंचाळत नाही, रक्ताचा थेंबही नाही. किराण्याचं बिल जुळत नसलं की आपण जसे पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज करायला लागतो, तसं तिचं होतं. आणि मग फुलांच्या ताटव्यात नवऱ्याची खिशातली डायरी पडलेली सापडते, तीत बुधवारच्या तारखेपुढे नुसतं लिहिलेलं: रात्री नऊ.

हे पान मी नवख्यांना आवर्जून दोनदा वाचायला सांगतो. गुन्हा कुणी केला हा प्रश्न इथे नाहीच. घड्याळात नऊ वाजले की काय होणार, हा आहे. रहस्यकथा आणि थरारकथा यांतला फरक पोथीतून शिकण्यापेक्षा या माळ्याकडून शिकावा. याच कथेवरून 1936 मध्ये 'लव्ह फ्रॉम अ स्ट्रेंजर' हे नाटक झालं आणि 1937 मध्ये त्याच नावाचा चित्रपट. दोन्हींकडे आत्ता फिरकू नका.

दुसरी पायरी: बैठक

एका दीर्घकथेला दीड-दोन तास धरा. रात्री जेवणं उरकल्यावर बसलात तर उत्तम. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण व्यत्ययापेक्षा मोठा धोका म्हणजे मध्येच पात्राचं नाव शोधून बघायची खाज. नाव टाकलं की तिसऱ्याच ओळीत खुनी कोण ते लिहिलेलं असतं. पुस्तकाची प्रस्तावनाही शेवटी वाचा. प्रस्तावना लिहिणाऱ्या विद्वानांना धीर म्हणून नसतो.

इंग्रजीची धास्ती बाळगू नका. ख्रिस्तीचं इंग्रजी साधं आहे, वाक्यं आखूड, बराचसा मजकूर संवादांचा. मधुकर तोरडमलांनी तिच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्या वाचून अनेकांना ख्रिस्तीची गोडी लागली. पण या दीर्घकथा तरी मुळातून वाचा असं मी म्हणेन, कारण तिची लबाडी बऱ्याचदा एखाद्या साध्या शब्दात दडलेली असते.

तिसरी पायरी: 'मर्डर इन द म्यूज'

आता प्वारोला बोलवायला हरकत नाही. 1937 च्या या पुस्तकात चार गोष्टी आहेत. खरेदी करताना आधी अनुक्रमणिका उघडा आणि चार नावं मोजा: 'मर्डर इन द म्यूज', 'द इन्क्रेडिबल थेफ्ट', 'डेड मॅन्स मिरर', 'ट्रँगल ॲट ऱ्होड्स'. तीनच असतील आणि वर 'डेड मॅन्स मिरर' असं नाव असेल, तर ती अमेरिकन आवृत्ती. 'द इन्क्रेडिबल थेफ्ट' तीत नाही. माझ्यासारखी दोन्ही घेऊन बसू नका.

पहिली गोष्ट पहिलीच वाचा. पाच नोव्हेंबरची रात्र, पार्लमेंट उडवायच्या कटात पकडल्या गेलेल्या गाय फॉक्सच्या नावानं लंडनभर फटाके उडताहेत. पोलीस इन्स्पेक्टर जॅप आणि प्वारो जेवून चालत निघालेत आणि जॅप सहज म्हणतो की खून करायचा तर रात्र झकास आहे, गोळीचा आवाज कुणाच्या लक्षातही येणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या गल्लीत काय ऐकू येतं ते आठवा, म्हणजे मुद्दा लगेच पटेल. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतल्या घरात एका तरुण बाईचा मृतदेह. दार बंद, हातात पिस्तूल. आत्महत्या म्हणावी तर जखमेची जागा आणि पिस्तूल धरलेला हात यांचं गणित बसत नाही.

म्यूज म्हणजे काय? श्रीमंतांच्या मोठ्या घरांच्या मागे घोड्यांचे तबेले आणि बग्ग्या ठेवायच्या जागा असत, त्यांची गल्ली. मोटारी आल्यावर त्या तबेल्यांची छोटी घरं झाली आणि पुढे ती राहायला झोकाची मानली जाऊ लागली. घरं खेटून असल्यानं शेजाऱ्याला सगळं दिसतं, निदान दिसलं असं वाटतं. गोष्ट त्या वाटण्यावर उभी आहे.

'डेड मॅन्स मिरर' ही मोठ्या वाड्यातली. जेवणाची वर्दी म्हणून घरात घंटा वाजते, ती पितळेची मोठी थाळी, गाँग. यजमान इतका वक्तशीर की दुसरी गाँग वाजल्यावर उशीर केलेला त्याला खपत नाही. आणि आज तोच खाली आलेला नाही. खोलीचं दार आतून बंद, आरसा फुटलेला. घरात माणसं पुष्कळ आहेत, म्हणून पहिल्या वीस पानांत कागदावर नावं आणि नाती लिहून काढा. लाजू नका, आम्ही अजून लिहितो.

'द इन्क्रेडिबल थेफ्ट' मला फिकी वाटते. सरकारी कागद चोरीला जातात, मंत्री घामाघूम होतो, प्वारो रात्री येतो. वेळ नसेल तर खुशाल सोडा. चौथी, 'ट्रँगल ॲट ऱ्होड्स', अप्रतिम आहे, पण तिच्यापाशी जरा थांबा. तिचं पुढे सांगतो.

कायद्याचे दोन शब्द मात्र इथेच शिकून घ्या. 'इन्क्वेस्ट' म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी, आणि ती घेणारा अधिकारी म्हणजे 'कोरोनर'. तो खटला नव्हे. मृत्यू कसा झाला ते तिथे ठरतं. मुंबईकरांना हा शब्द परका नको, कारण ब्रिटिशांनी आणलेली कोरोनरची कचेरी मुंबईत गेल्या शतकाच्या शेवटापर्यंत होती. पैशांचा हिशेब जुना: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. आजी-आजोबांकडून आणे-पै ऐकलेल्यांना याची गंमत वाटेल.

चौथी पायरी: जोड्या लावून वाचणं

हा माझा आवडता भाग, आणि नवख्यांपैकी फार थोडे इथवर येतात. 'मर्डर इन द म्यूज'मधल्या पहिल्या तिन्ही गोष्टी जुन्या छोट्या कथांवरून वाढवलेल्या आहेत. पहिलीचं मूळ 'द मार्केट बेसिंग मिस्टरी' (1923), 'इन्क्रेडिबल थेफ्ट'चं 'द सबमरीन प्लॅन्स' (1923), 'डेड मॅन्स मिरर'चं 'द सेकंड गाँग' (1932). पाणबुडीच्या आराखड्यांच्या जागी चौदा वर्षांनी बॉम्बर विमानाचे आराखडे आले, यावरूनच युरोपचं वारं कुठे फिरलं होतं ते कळतं.

नियम एकच: मोठी आधी, छोटी मागून. उलट केलंत तर मोठीतला दम जातो. मोठी वाचल्यावर छोटी वाचणं म्हणजे जादूगाराच्या टेबलाखाली बसून तोच खेळ बघण्यासारखं आहे.

यातली सगळ्यात चांगली जोडी मात्र दुसऱ्या पुस्तकात आहे. 'द ॲडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग' (1960) या संग्रहातली 'द मिस्टरी ऑफ द स्पॅनिश चेस्ट', आणि तिचं मूळ, 1932 ची 'द मिस्टरी ऑफ द बगदाद चेस्ट'. एका मेजरच्या घरी संध्याकाळची पार्टी. खाणंपिणं, ग्रामोफोन, नाच. खोलीच्या कडेला एक मोठी लाकडी पेटी. सकाळी नोकर खोली आवरायला येतो, त्याला पेटीखालच्या गालिच्यावर डाग दिसतो. झाकण उघडतो. ज्या पाहुण्याला अचानक गावाला जावं लागलं म्हणून पार्टीला येता आलं नाही असं सगळे समजत होते, तो आत असतो. म्हणजे रात्रभर माणसं नाचत होती आणि तो तिथेच होता.

मूळ कथेत ही हकिगत प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज सांगतो. मोठीत हेस्टिंग्ज नाही, प्वारोची कमालीची काटेकोर सेक्रेटरी मिस लेमन आहे. तो बदल गोष्टीला काय करतो ते तुम्हीच पाहा. हेस्टिंग्ज सुंदर बाई दिसली की विरघळतो आणि वाचकालाही विरघळवतो. मिस लेमन विरघळत नाही, त्यामुळे त्या पेटीकडे आपण थंड डोक्यानं बघतो आणि ती जास्त भीतिदायक वाटते.

या संग्रहाला ख्रिस्तीनं स्वतः छोटीशी प्रस्तावना लिहिली आहे. तीत ती स्वतःला आचारी म्हणवते, दोन मोठ्या गोष्टींना मुख्य पदार्थ म्हणते आणि लहानपणी ॲबनी हॉल या वाड्यात खाल्लेल्या ख्रिसमसच्या जेवणाची आठवण काढते. प्रस्तावना शेवटी वाचा असं मी वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद.

पाचवी पायरी: काय मागे ठेवायचं

आता 'ट्रँगल ॲट ऱ्होड्स'. ऱ्होड्स बेटावर, किनाऱ्यावर ऊन खात पडलेली दोन जोडपी. एक बाई जगप्रसिद्ध सुंदर, दुसरीचा नवरा तिच्या मागे वेडा, आणि बाजूला बसून प्वारो वाळूत त्रिकोण काढतो आहे. 'इव्हिल अंडर द सन' (1941) वाचली नसेल तर आधी ती वाचा, मग चार-सहा महिन्यांनी ही. ज्यांची कादंबरी वाचून झाली आहे त्यांनी लगेच वाचली तरी चालेल.

'यलो आयरिस' (1937) आणि 'स्पार्कलिंग सायनाइड' (1945) यांचं उलटं आहे. हॉटेलातलं टेबल तेच, शॅम्पेन तीच, पण खुनी बदललेला आहे. त्यामुळे कुठलीही आधी वाचा. एक वाचून दुसरीत शहाणपणा करायला जाल तर तोंडावर पडाल.

'हर्क्यूल प्वारो अँड द ग्रीनशोर फॉली'ची कथा निराळीच आहे. डेव्हनमधल्या चर्स्टन फेरर्सच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवायची होती. त्यासाठी पैसे मिळावेत म्हणून ख्रिस्तीनं 1954 मध्ये ही दीर्घकथा लिहिली आणि तिचं उत्पन्न चर्चला द्यायचं ठरवलं. पण तिची लांबी अशी अडनिडी की मासिकांना ती घेता येईना. मग तिनं नावाशी जवळीक ठेवून 'ग्रीनशॉज फॉली' ही तिच्या दुसऱ्या डिटेक्टिव्हची, म्हाताऱ्या मिस मार्पलची, वेगळी छोटी कथा चर्चसाठी लिहिली, आणि अडलेल्या दीर्घकथेची 1956 मध्ये 'डेड मॅन्स फॉली' ही कादंबरी केली. मूळ दीर्घकथा पुस्तकरूपानं यायला 2014 उजाडलं. ती कादंबरीनंतरच वाचा. घराचं वर्णन ख्रिस्तीच्या स्वतःच्या ग्रीनवे या डार्ट नदीकाठच्या घराशी जुळतं, आणि ते घर आज पर्यटकांसाठी उघडं असतं.

सहावी पायरी: कोर्ट आणि बर्फ

शेवटी राखून ठेवायच्या दोन गोष्टी. 'द विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' 1925 मध्ये वेगळ्याच नावानं अमेरिकन मासिकात आली आणि ब्रिटनमध्ये 'द हाउंड ऑफ डेथ' (1933) या संग्रहात. हा संग्रह घेताना सावध राहा. यातल्या बहुतेक गोष्टी भुताखेतांच्या, प्लँचेटच्या आहेत, आणि खुनाचा तपास शोधणारा वाचक हिरमुसतो. ही एक मात्र तीस पानांत चपराक मारते. 1953 च्या नाटकात ख्रिस्तीनं शेवट आणखी पुढे नेला, आणि 1957 चा बिली वाइल्डरचा चित्रपट त्या नाटकावर आहे. कथा, मग चित्रपट, हाच क्रम ठेवा. कथेचा शेवट जास्त क्रूर आहे आणि मला तोच पटतो.

दुसरी 'थ्री ब्लाइंड माइस'. राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त 1947 मध्ये बीबीसीसाठी लिहिलेली नभोनाटिका, 1948 मध्ये तिची दीर्घकथा झाली. मागे एक खरी, फार वाईट घटना आहे: 1945 मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतघरी सांभाळायला ठेवलेल्या मुलाचा छळानं झालेला मृत्यू.

युद्ध नुकतंच संपलंय, रेशनिंग चालू आहे, आणि एका तरुण जोडप्यानं वारशात मिळालेल्या जुन्या वाड्यात गेस्ट हाउस काढलंय. दोघांना धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. पाहुणे येतात, बर्फ पडत राहतो, रस्ता बंद होतो. लंडनमध्ये खून करून निसटलेल्या माणसाचं वर्णन काय, तर गडद ओव्हरकोट, फिकट मफलर, मऊ फेल्टची हॅट. त्या हिवाळ्यात निम्मं लंडन याच वेषात फिरत असणार! आणि या घराच्या खुंटीवर टांगलेले कोटही तसेच. मग स्कीवरून बर्फ तुडवत एक पोलीस सार्जंट येतो, आणि थोड्या वेळानं टेलिफोन मुका होतो.

याच गोष्टीचं पुढे 'द माउसट्रॅप' हे नाटक झालं. 25 नोव्हेंबर 1952 ला ॲम्बॅसडर्स थिएटरात त्याचा लंडनमधला पहिला प्रयोग लागला, 1974 मध्ये ते नाटक शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये गेलं, आणि 2020-21 मधली कोविडची सुट्टी सोडली तर चालूच आहे. नाटक चालू असेपर्यंत ही दीर्घकथा ब्रिटनमध्ये पुस्तकात येऊ नये अशी ख्रिस्तीची अट होती, त्यामुळे ब्रिटिश आवृत्त्यांत शोधत बसू नका. 1950 चा 'थ्री ब्लाइंड माइस अँड अदर स्टोरीज' हा अमेरिकन संग्रह मागवा.

आणि मागवण्याआधी घरात एकदा विचारून घ्या. मुलगी, भाचा, कुणीतरी लंडनला असतंच हल्ली, आणि उन्हाळ्यात तिकडे जायचं ठरत असतं. तसं असेल तर पुस्तक राहू द्या. प्रयोग संपल्यावर नट पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना खुनी कोण ते बाहेर सांगू नका म्हणून विनवतात. ती विनवणी ऐकताना आपल्याला आधीच सगळं ठाऊक असलं, तर तिकिटाचे पौंड फार टोचतात.